पाणी लागण्याआधीची मोजदाद

लग्नाची पंगत उठलेली असते, हात धुवायला रांग लागलेली असते आणि तिथंच मावशी गाठते. "काय गं, झाली का तुझी पीएचडी?"

"नाही मावशी, चालू आहे."

"अजून? मागच्या वर्षीही चालूच होती ना!"

मावशीला टोमणा मारायचा नसतो. तिचा धाकटा याच काळात अकरावीतून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला पोचलेला असतो आणि दर उन्हाळ्यात त्याच्या हातात एक गुणपत्रिका पडलेली असते. भाची मात्र चार वर्षं रोज सकाळी बाहेर पडते, रात्री थकून घरी येते आणि चारचौघांना दाखवावं असं तिच्याकडे काहीच नसतं. ती पुढे सरकते आहे की एकाच जागी फिरते आहे, हे मावशीला कळत नाही यात नवल नाही. पण विद्यापीठाला तरी ते कसं कळतं?

परीक्षेत गुण देणं सोपं जातं, कारण प्रश्न काढणाऱ्याकडे उत्तर आधीपासून असतं. विद्यार्थ्याचं उत्तर त्याच्या शेजारी ठेवायचं आणि किती जुळलं ते पाहायचं. पीएचडीत उत्तर कुणाकडेच नसतं. विद्यार्थ्याकडे नसतं आणि गाइडकडेही नसतं. ते आधीच माहीत असतं तर संशोधन कशाला करायचं? म्हणजे इथं उत्तर हाती नसताना प्रगती जोखायची असते. जगभरच्या विद्यापीठांनी यासाठी जी पद्धत हळूहळू बसवली, ती समजून घ्यायला गावाकडची एक गोष्ट उपयोगी पडते.

विहीर किती खणली?

शेतात विहिरीचं काम चालू आहे. पाच परस खोल गेलं, अजून पाणी नाही. बांधावरून जाणारा विचारतो, "किती खणलं?" मालक सांगतो, "पाच परस." आकडा खरा आहे, पण त्यातून पाण्याबद्दल काही कळत नाही. सहाव्या परसाला झरा लागेल किंवा पंधरा परस जाऊनही विहीर कोरडी राहील.

जाणकार माणूस वेगळे प्रश्न विचारतो. मुरूम कुठं संपला? काळा पाषाण किती जाड निघाला? त्याच्याखाली भोकाभोकांचा मऊ दगड लागला का? कडेला कुठं ओल धरली आहे का? शेजारच्या विहिरीला कितीवर पाणी आहे? या उत्तरांवरून तो सांगतो की अजून दोन परस खाली जा, किंवा आडवं बोअर मार, किंवा ही जागा सोड. पाणी त्यालाही दिसत नसतं. खणणाऱ्याला जमिनीबद्दल कालच्यापेक्षा आज किती जास्त कळलं आहे, ते मात्र त्याला दिसतं.

पीएचडीचं वार्षिक मूल्यमापन या जाणकारासारखं असायला हवं. केलेलं काम, त्या कामातून कळलेली गोष्ट आणि आता ठरवलेली दिशा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर नमुने तपासले, हे काम झालं. त्यातून काय उमगलं आणि त्यामुळे पुढचा बेत कसा बदलला, हे सांगता आलं तर ती प्रगती. अनेक प्रगती अहवाल पहिल्याच पायरीवर थांबतात. त्यांत परसांचा हिशेब असतो, दगडाचं नाव नसतं.

समितीसमोर काय घडतं

आपल्याकडे या साऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांचा आधार आहे. सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी राजपत्रात आले. त्यांनुसार प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते. बोलीत तिला 'आरएसी' म्हणतात. गाइड या समितीचा निमंत्रक असतो आणि सोबत विषय जाणणारे आणखी काही प्राध्यापक असतात. विद्यार्थ्यानं दर सत्राला, म्हणजे साधारण सहा महिन्यांनी, समितीसमोर उभं राहून काम मांडायचं आणि छोटा लेखी अहवाल द्यायचा. समिती आपल्या शिफारशी संस्थेला कळवते. त्याची एक प्रत विद्यार्थ्यालाही द्यावी लागते.

आयआयटी मुंबईत याच कामाला 'ॲन्युअल प्रोग्रेस सेमिनार' म्हणतात. पवईच्या आवारात 'एपीएस' ही तीन अक्षरं ऐकली की वरच्या वर्षांच्या मुलांचाही चेहरा बदलतो. वर्षभराचं काम तासाभरात मांडायचं, समितीच्या प्रश्नांना तोंड द्यायचं आणि मग निकाल ऐकायचा. काम समाधानकारक आहे, किंवा सुधारणा हवी, किंवा पुन्हा मांडा.

प्रश्न मात्र सगळीकडे साधारण सारखेच असतात. मागच्या वेळी जे करतो म्हणालात त्यातलं काय झालं? काय नाही झालं, आणि का? आता तुमचा प्रश्न एका वाक्यात सांगा. या शेवटच्या वाक्यापाशी भलेभले अडखळतात. स्लाइड पन्नास असतात, पण ते एक वाक्य तयार नसतं. म्हणूनच चांगला परीक्षक ते पहिल्यांदा विचारतो.

दर वर्षी वेगळी अपेक्षा

चारही वर्षांना एकच फूटपट्टी लावणं ही मूल्यमापनातली सर्वांत मोठी चूक. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता पाहिला आहे? त्यावर रंगीत पट्टे असतात आणि बाळाच्या वजनाचे ठिपके महिन्यागणिक मांडून रेघ जोडतात. ताई एकटा ठिपका पाहत नाही. रेघ चढते आहे, आडवी झाली आहे की खाली वळली आहे, ते पाहते. लहान चणीचं बाळ आपल्या रेघेनं नीट चढत असेल तर ती निश्चिंत असते. गुटगुटीत बाळाची रेघ तीन महिने आडवी राहिली तर ती आईला थांबवून विचारते. संशोधनातही समितीनं आधी रेघ पाहायला हवी.

पहिल्या वर्षात आपल्याकडे कोर्सवर्क असतं. किमान १२ क्रेडिट, ५५ टक्के गुण हवेत. त्याच वेळी विषय ठरवून आराखडा समितीपुढे ठेवायचा असतो. इथं निष्कर्षांची अपेक्षा ठेवणं चूक. आधी कुणी काय केलं आहे ते वाचलंय का आणि प्रश्न आवाक्यातला आहे का, एवढंच पाहायचं. बहुतेक मुलांचा पहिला प्रश्न अवाढव्य असतो. समजा एकीनं लिहिलं, 'पेशवाईतील बाजारपेठा'. विषय रास्त आहे, पण त्यावर एका माणसाचा जन्म पुरणार नाही. समितीनं त्याला कात्री लावायची असते आणि कुठं लावायची ते कारणासकट सांगायचं असतं.

दुसऱ्या वर्षी प्रश्न बदलतो. तुम्ही निवडलेली पद्धत चालते का? इथं विषयाविषयांत जमीनअस्मानाचा फरक पडतो आणि समितीचा खरा कस लागतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे या टप्प्याला प्रयोगवहीची दीडशे पानं भरलेली असू शकतात. त्याच वेळी पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कागदांची कापडी बासनं, सोडत बसलेली इतिहासाची विद्यार्थिनी कदाचित नुकतीच मोडी सफाईनं वाचू लागलेली असते. तिच्याकडे दाखवायला पंधरा कागदांचं लिप्यंतर असतं, एवढंच. पण वर्षभरापूर्वी तिला एक ओळ लागत नव्हती आणि आज ती जकातीची नोंद आणि देण्याघेण्याची याद वेगळी ओळखते. कोट्यवधी कागदांच्या त्या दफ्तरात आपले रुमाल कोणते, हेही तिला कळू लागलं आहे. ही रेघ चढते आहे. पाचशे पानांचा ढीग दाखवणाऱ्याची रेघ कदाचित आडवी असेल.

याच सुमारास पैशाचाही प्रश्न येतो. नेट उत्तीर्ण होऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळवलेल्यांची दोन वर्षांनी तपासणी होते. समितीत बाहेरचा एक तज्ज्ञ असावा लागतो. काम पटलं तर 'ज्युनिअर'चा 'सीनिअर' होतो. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार महिन्याला ३७,००० रुपयांचे ४२,००० होतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्यातल्या संस्थांची फेलोशिप घेणाऱ्यांनाही प्रगती अहवाल द्यावे लागतात. पुण्यात खोली करून राहणाऱ्या आणि घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाच्या दृष्टीनं समितीची एक सही महिन्याभराच्या किराण्याइतकी ठोस असते. सभा दोन महिने पुढे ढकलताना प्राध्यापकांनी हे आठवावं, असं मला फार वाटतं.

तिसऱ्या वर्षापासून समिती लिखाणाकडे वळते. प्रकरणं कागदावर उतरली का, युक्तिवाद एकमेकांना धरून आहे का. आणि शेवटच्या टप्प्यात प्रश्न एकच उरतो. काय काय सोडून द्यायचं आहे? या वेळी विद्यार्थ्याला आणखी एक प्रयोग, आणखी एक दफ्तर खुणावत असतं. समितीनं त्याला थांब म्हणायचं असतं.

परदेशात टप्प्यांची नावं वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी आधी एम.फिल.साठी नाव नोंदवतो आणि वर्ष-दीड वर्षात 'अपग्रेड' होऊन पीएचडीला जातो. अमेरिकेत 'क्वालिफाइंग' परीक्षेची धास्ती असते आणि त्यानंतर दर वर्षी समितीची बैठक. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं एक चांगली भर घातली. आपल्या अनुदानावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व्यक्तिगत विकास आराखडे वापरले जातात का, हे ती २०१४ पासून प्रगती अहवालांत विचारते. विद्यार्थी आधी स्वतःच स्वतःला तपासतो की मला काय येतं, काय येत नाही, कुठं जायचं आहे. ही तपासणी आपल्याकडेही सुरू करायला एक कागद आणि एक तास पुरेल.

अपेक्षित उत्तर आलं नाही तर?

प्रगती अहवाल लिहिताना सर्वांत मोठी भीती ही असते. वर्षभर राबलो आणि हाती आलं 'असं काही आढळलं नाही'. हे काय समितीला सांगायचं?

इरावती कर्वे यांचं उदाहरण इथं बोलकं आहे. त्यांना १९३० साली बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळाली. विषय होता माणसाच्या कवटीची असममिती, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूंतला फरक. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते होते आणि युरोपीय कवट्या वेगळ्या निघतील, अशी त्यांची धारणा होती. परक्या देशात, परक्या भाषेत लिहिणाऱ्या या मराठी विद्यार्थिनीनं कवट्या मोजल्या आणि असममितीचा वंशाशी संबंध दिसत नाही, असं लिहिलं.

आजच्या भाषेत बोलायचं तर त्यांचा निकाल 'नकारात्मक' होता. अपेक्षित फरक सापडला नाही. पण विहिरीच्या हिशेबात पाहिलं तर ती जागा कोरडी आहे, हे पक्कं झालं होतं. नीट केलेल्या मोजणीतून आलेलं 'नाही' हे ज्ञान असतं. निष्काळजी मोजणीतून आलेलं 'नाही' हे नुसतं अपयश असतं. या दोहोंतला फरक ओळखायचा तर समितीनं निकाल बाजूला ठेवून कृती तपासायला हवी. उपकरण ठीक होतं का, नमुने पुरेसे होते का, दुसऱ्यानं मोजलं तर तेच येईल का.

मोजपट्टीच ध्येय झाली की

हे सगळं करायला वेळ आणि कष्ट लागतात. त्यामुळे सोपी मोजपट्टी शोधण्याचा मोह होतो. शोधनिबंध किती छापले? आकडा चटकन मिळतो आणि त्यावर वाद होत नाही.

आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून येणं आणि परिषदांत दोन निबंध वाचणं सक्तीचं होतं. हेतू चांगला होता. पण निबंध छापून येणं हेच ध्येय झालं, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. चार हजार रुपये भरा, आठवड्यात छापून घ्या. मग दर्जेदार नियतकालिकांची यादी करणं भाग पडलं. 'यूजीसी-केअर' नावाची ती यादी २०१९ मध्ये आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात चालत होतं. २०२२ च्या नियमांत निबंधाची सक्तीच गेली आणि २०२५ मध्ये ती यादीही थांबवण्यात आली. आता पुन्हा जबाबदारी समितीवर आली आहे. तिनं निबंध वाचावा, मोजू नये.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनधोरणाबद्दल बोलताना हेच दाखवलं होतं. एखाद्या मापावर नियंत्रणासाठी जोर द्यायला लागलं की ते माप भरवशाचं राहत नाही. तेव्हा विषय बँकांचा होता, पण विभागप्रमुखांच्या टेबलावरही हे लावून ठेवण्यासारखं आहे.

चौकट : कामाचा प्रगती अहवाल

दोन पानं पुरतात. सुरुवात मागच्या अहवालातल्या आश्वासनांपासून करावी आणि प्रत्येकाचं काय झालं ते सरळ लिहावं. मग आजचा संशोधनप्रश्न एका वाक्यात. या काळात नवीन काय कळलं, कोणती वाट बंद असल्याचं कळलं आणि आपण कुठं अडलो आहोत, हे वेगवेगळ्या परिच्छेदांत यावं. 'साहित्याचा आढावा चालू आहे' असं वाक्य टाळावं. कोणती तीन पुस्तकं वाचली आणि त्यांनी विचार कसा बदलला, ते लिहावं. पुढच्या सहा महिन्यांचा बेत तारखांसह असावा. शेवटी मदत मागावी, मग ती उपकरणाची असो, ग्रंथालयाची, रजेची किंवा सल्ल्याची.

'असमाधानकारक' शेरा

हा शब्द कागदावर उमटला की विद्यार्थी कोसळतो. नियम वाचले तर तेवढं घाबरण्याचं कारण नाही. काम समाधानकारक नसेल तर समितीनं त्याची कारणं नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे, असं त्यांत स्पष्ट आहे. ते उपाय विद्यार्थ्यानं केले नाहीत, तरच नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते, आणि तीही ठोस कारणं देऊन. म्हणजे उपाय न सुचवता नुसता 'असमाधानकारक' शेरा मारणाऱ्या समितीनं आपलं अर्धं काम केलेलंच नसतं.

परत पाठवलेलं काम म्हणजे संपलेलं काम नव्हे, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीतही दिसतं. ती वार्षिक तपासणी नव्हती, थेट अंतिम प्रबंधाची होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये लंडनला सादर केला. परीक्षकांनी हरकत घेतली आणि फेरलेखन करायला सांगितलं. बाबासाहेब भारतात परतले, प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. तो ग्रंथ छापला गेला तेव्हा त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदवले. मतभेद ठेवून आदर करणारा मार्गदर्शक प्रत्येकाच्या वाट्याला यावा.

तिसऱ्या माणसाची गरज

पण तसा येतोच असं नाही, आणि वार्षिक मूल्यमापनाचं माझ्या मते सर्वांत मोलाचं कारण हेच आहे. गाइड आणि विद्यार्थी यांचं नातं फार असमान असतं. विषय, प्रयोगशाळा, सही, शिफारसपत्र, सगळं एकाच माणसाच्या हाती. नातं बिघडलं किंवा गाइड सहा-सहा महिने मसुदा वाचत नसेल, तर विद्यार्थ्यानं सांगायचं कुणाला? समितीतला तिसरा माणूस त्यासाठी असतो.

इथं आपल्या रचनेत एक कच्चा दुवा आहे. समितीचा निमंत्रक गाइडच असतो. त्याच्यासमोर त्याची तक्रार कोण करणार? अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या अनेक विभागांत बैठकीच्या शेवटी मार्गदर्शकाला काही मिनिटं बाहेर जायला सांगतात आणि उरलेले सदस्य विद्यार्थ्याशी एकट्यानं बोलतात. मग विद्यार्थ्याला बाहेर पाठवून मार्गदर्शकाचंही ऐकून घेतात. हे दर वेळी, सगळ्यांच्याच बाबतीत केलं जातं. त्यामुळे 'हिनं एकटीनं काय सांगितलं असेल' असा संशय कुणावर येत नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. आपल्या प्रत्येक विभागात हे उद्यापासून सुरू व्हायला हवं.

रेघ का आडवी झाली, हेही अशाच बोलण्यातून कळतं. कारण पुष्कळदा संशोधनाबाहेर असतं. वडिलांचं आजारपण, बाळंतपण, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवण्याचे तास, मनावरचा ताण. नियमांत यांची दखल आहे. साधारण मुदत सहा वर्षांची, फेरनोंदणीनं आणखी दोन, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. कित्येक मुलींना हे पाचव्या वर्षी कळतं. पहिल्या बैठकीतच समितीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं तर किती बरं होईल.

आणि प्रत्येक बैठकीची प्रत विद्यार्थ्यानं मागून घ्यावी, तारखेनुसार एका फायलीत लावावी. दफ्तरात बसणारी आपली ती इतिहासाची विद्यार्थिनी समजा आता चौथ्या वर्षाला आहे आणि तिच्या फायलीत सात अहवाल आहेत. पहिल्याच्या माथ्यावर लिहिलं आहे, 'पेशवाईतील बाजारपेठा'. सातव्याच्या माथ्यावर आहे, 'सासवडच्या पेठेतील जकात, १७७५ ते १८००'. मावशीला दाखवायचे तर हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवावेत.